यजमानपद आणि अजिंक्यपद



लग्नघराचा मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी परतले, की घरातील कर्त्या माणसांना दोन गोष्टींचा हिशेब करावा लागतो. खर्च किती झाला आणि पदरी काय उरले? राष्ट्रीय पातळीवरील क्रीडा स्पर्धेचे यजमानपद स्वीकारणाऱ्या प्रत्येक प्रांताला, नगरपालिकेला आणि गावाला हाच हिशेब मांडावा लागतो. मैदानावर झेंडे फडकत असतात तोवर कोणी तो विचारीत नाही. झेंडे उतरले की तो टळत नाही.

या हिशेबाचा दीर्घ अनुभव असलेला देश म्हणजे जपान. तेथे १९४६ पासून राष्ट्रीय क्रीडा महोत्सव भरत आला आहे. लोकांच्या तोंडी त्याचे संक्षिप्त नाव ‘कोकुताई’ असे होते. या महोत्सवात खेळाडू क्लबांच्या वा कंपन्यांच्या नावाने उतरत नाहीत. ते आपापल्या प्रांताच्या स्वराज्य संस्थेचे प्रतिनिधी म्हणून उतरतात, आणि यजमानपदही याच संस्थांकडे पाळीपाळीने जाते. त्यामुळे लोकनियुक्त स्थानिक संस्थेने मोठी स्पर्धा भरविली म्हणजे काय घडते, काय साधते आणि काय बिघडते, याचे जणू अनेक दशके चाललेले प्रात्यक्षिकच तेथे पाहावयास मिळते. महाराष्ट्रातील पंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांना या प्रात्यक्षिकातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

उद्ध्वस्त देशातील प्रारंभ

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपानची बहुतेक मोठी शहरे बॉम्बवर्षावाने बेचिराख झाली होती. अन्नधान्याची तीव्र टंचाई होती, रेल्वेगाड्या तुडुंब भरून धावत होत्या आणि पराभवाने समाजाचे मन खचले होते. अशा स्थितीत क्रीडा स्पर्धा भरविण्याची कल्पना पुष्कळांना अवेळी वाटावी, हे स्वाभाविक होते. तथापि तरुण पिढीला पुन्हा उभे करावयाचे असेल तर तिला एकत्र येण्याचे निमित्त हवे, हा विचार क्रीडा संघटनेच्या चालकांनी पुढे मांडला. क्योतो हे प्राचीन शहर बॉम्बहल्ल्यांतून बव्हंशी वाचले होते आणि तेथील मैदाने वापरण्याजोगी होती. म्हणून १९४६ च्या शरद ऋतूत क्योतो व त्याच्या आसपासच्या प्रांतांत पहिला महोत्सव पार पडला.

पुढील वर्षी तो इशिकावा प्रांतात भरला. १९४८ साली फुकुओका येथे झालेल्या तिसऱ्या महोत्सवात दोन चषक ठेवण्यात आले. सर्व खेळांतील स्त्रीपुरुषांच्या एकत्रित गुणांवर मिळणारा सम्राट चषक आणि स्त्रियांच्या गुणांवर मिळणारा सम्राज्ञी चषक. व्यक्तीच्या यशाबरोबर प्रांताच्या यशाचीही मोजदाद सुरू झाली ती या वर्षापासून. ही मोजदाद पुढे महोत्सवाचे बळही ठरली आणि त्याचे दुखणेही.

फिरते यजमानपद

जपानमध्ये एकूण ४७ प्रीफेक्चर आहेत. हा घटक भारतातील जिल्ह्याहून मोठा परंतु घटकराज्याहून अधिकाराने लहान असतो. येथे सोयीसाठी त्यास प्रांत म्हटले आहे. १९४७ च्या स्थानिक स्वायत्तता कायद्याने या प्रांतांना स्वराज्य संस्थेचा दर्जा मिळाला. त्यांचे गव्हर्नर वरून नेमले जात नाहीत, लोक त्यांना थेट निवडून देतात. प्रांताच्या पोटात शहरे, गावे आणि खेडी यांच्या स्वतंत्र नगरपालिका असतात.

महोत्सव क्रीडा संघटना, केंद्रीय शासन आणि यजमान प्रांत यांच्या संयुक्त विद्यमाने भरतो. मात्र जागा, माणसे आणि बराचसा पैसा यांची जबाबदारी यजमानाच्या खांद्यावर असते. हे यजमानपद एका प्रांताकडून दुसऱ्याकडे सरकत जाते. राजधानी तोक्योची लोकसंख्या आज सुमारे १ कोटी ४० लाख आहे, तर तोत्तोरी या सर्वात लहान प्रांताची साडेपाच लाखांच्या आसपास. तरीही पाळी दोघांनाही येते. १९५३ साली शिकोकू बेटावरील चारही प्रांतांनी मिळून महोत्सव भरविला, आणि १९९३ साली त्यांपैकी कागावा व तोकुशिमा या दोघांनी पुन्हा संयुक्त यजमानपद स्वीकारले. एकट्याला न पेलणारे ओझे शेजाऱ्यांनी वाटून घेण्याचा हा मार्ग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

ओकिनावा या दक्षिणेकडील द्वीपसमूहाची कथा वेगळी आहे. युद्धानंतर हा प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात होता. १९७२ साली तो जपानकडे परत आला आणि १९७३ साली तेथे एक विशेष महोत्सव भरविण्यात आला. नियमित यजमानपदाची पाळी १९८७ साली आली, आणि तिच्याबरोबर सर्व ४७ प्रांतांची पहिली फेरी पूर्ण झाली. परंतु युद्धात होरपळलेल्या त्या भूमीत राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांवरून मने दुखावलेली होती. योमितान गावी सॉफ्टबॉलच्या मैदानावर ध्वज जाळण्याची घटना घडली. राष्ट्रीय सोहळा एखाद्या प्रदेशात नेला म्हणजे त्या प्रदेशाच्या आठवणीही सोहळ्याला हजर राहतात, हे आयोजकांना तेथे उमगले.

गावोगावी वाटलेली स्पर्धा

कोकुताईची खरी ताकद तिच्या रचनेत आहे. सर्व खेळ एकाच राजधानीच्या शहरात भरविले जात नाहीत. उद्घाटन आणि समारोप एका मुख्य मैदानावर होतात, पण एकेक खेळ प्रांतातील एकेका नगरपालिकेला वाटून दिला जातो. एका गावाला व्हॉलीबॉल, दुसऱ्याला कुस्ती, तिसऱ्याला नौकानयन, अशी ही वाटणी असते. त्यामुळे शरद ऋतूतील मुख्य पर्वासाठी येणारे वीस हजारांहून अधिक खेळाडू व पदाधिकारी सर्व प्रांतभर विखुरतात आणि आडवळणाच्या गावालाही काही दिवस राष्ट्रीय स्पर्धेचे केंद्र होण्याचा मान मिळतो.

हा मान फुकटचा नसतो. आपल्या वाट्याच्या खेळासाठी मैदान, पंच, वैद्यकीय पथक, वाहतूक आणि निवास यांची सिद्धता त्या नगरपालिकेला करावी लागते. मुख्य स्पर्धेच्या आधीच्या वर्षी त्याच मैदानांवर सरावादाखल स्पर्धा भरविण्याची प्रथा आहे. पंचांची उणीव, पार्किंगचा गोंधळ, पिण्याच्या पाण्याची गैरसोय असे दोष त्या वेळी उघडे पडतात आणि ते सुधारण्यास वर्षभराचा अवधी मिळतो. कोणत्याही मोठ्या सार्वजनिक कार्याच्या आयोजकांनी उचलावी अशी ही साधी, पण मोलाची पद्धत आहे.

शाळांचा वाटाही मोठा असतो. विद्यार्थी कुंड्यांतून फुलझाडे वाढवितात आणि ती स्टेशनापासून मैदानापर्यंतच्या रस्त्यांवर मांडली जातात. येणाऱ्या प्रत्येक प्रांताच्या संघासाठी मुले हाताने स्वागताची निशाणे रंगवितात. ती रंगविताना तो प्रांत कोठे आहे, तेथे काय पिकते, तेथील डोंगर कोणता, याची माहिती त्यांना आपोआप होते. भूगोलाचा असा पाठ वर्गात सहसा साधत नाही.

लहान गावांत पुरेशी वसतिगृहे वा हॉटेले नसत. तेथे खेळाडूंना घरोघरी उतरवून घेण्याची पद्धत पडली. परगावचे दोन-चार तरुण घरात राहावयास येणार म्हणून गृहिणी एकत्र बसून आहाराचा विचार करीत, आजीआजोबा त्यांचे सामने पाहावयास जात आणि संघ हरला तर सगळे घर हळहळे. पंढरीच्या वाटेवरील गावांनी दिंड्यांची उतरण्याची सोय पिढ्यानपिढ्या केली आहे, आणि कबड्डीच्या स्पर्धेला आलेल्या संघांना पंगतीला बसविणारी गावेही महाराष्ट्रात कमी नाहीत. अशा वाचकाला जपानी खेड्यातील ही आतिथ्याची रीत परकी वाटणार नाही. पैशाने उभी न राहणारी यजमानपदाची बाजू ती हीच.

हॉकीची गावे

या वाटणीतून काय उरले, याचे सर्वात बोलके उदाहरण हॉकीचे आहे. भारतात घराघरांत माहीत असलेला हा खेळ जपानमध्ये मात्र थोड्याच लोकांच्या परिचयाचा. परंतु महोत्सवात तो असल्यामुळे प्रत्येक यजमान प्रांताला तो कोणत्या तरी गावाकडे सोपवावाच लागे. १९६८ साली फुकुई प्रांतातील आसाही, १९७० साली इवाते प्रांतातील त्याच नावाचे गाव, १९८१ साली शिगा प्रांतातील इबुकी आणि १९८२ साली शिमाने प्रांतातील योकोता या गावांच्या वाट्याला हॉकी आली.

महोत्सव संपला, पण या गावांनी हॉकी टाकून दिली नाही. मैदान होते, काठ्या होत्या, नियम जाणणारे शिक्षक होते. शाळांतून मुलामुलींना खेळ शिकविला जाऊ लागला. ज्यांनी महोत्सवात सामने पाहिले ती मुले पुढे पालक झाली आणि त्यांची मुले त्याच मैदानावर उतरली. इवाते हे कोबीची शेती करणारे, कितामी नव्हे तर किताकामी नदीच्या उगमाजवळचे गाव आजही स्वतःची ओळख हॉकीचे गाव अशी करून देते. राष्ट्रीय संघांना अशा छोट्या गावांतून सातत्याने खेळाडू मिळत आले आहेत. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत जपानच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही हॉकी संघांनी सुवर्णपदक मिळविले. महिलांच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारतालाच २-१ असे हरविले होते. त्या विजयामागे अनेक कारणे असतील, परंतु गावाच्या वाट्याला एकदा आलेला खेळ गावाने जपला, हे त्यांतील एक कारण खचित आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या गावांना टिकाऊ लाभ झाला तो प्रेक्षागृहाच्या आकारामुळे नव्हे. स्पर्धेनंतरच्या सोमवारी सकाळी मैदानावर मुलांना घेऊन उभा राहणारा शिक्षक तेथे होता, म्हणून तो झाला.

नीगाताचा पूल

१९६४ हे वर्ष कोकुताईच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात तोक्यो येथे ऑलिंपिक स्पर्धा व्हावयाच्या असल्याने नीगाता प्रांतातील मुख्य महोत्सव जूनमध्येच घेण्यात आला. त्यानिमित्त नीगाता शहरात शिनानो नदीवर ‘शोवा’ हा नवा पूल बांधून मे महिन्यात खुला करण्यात आला होता. महोत्सव ११ जून रोजी संपला. १६ जून रोजी शहराला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. नदीकाठच्या वाळूमिश्रित जमिनीचे जणू द्रवात रूपांतर झाले आणि नव्या पुलाचे गाळे नदीत कोसळले. त्याच नदीवरील १९२९ सालचा बांदाई पूल मात्र हानी सोसूनही उभा राहिला. मातीच्या या वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास जगभर पुढे गेला त्यात नीगाताच्या भूकंपाचा वाटा मोठा आहे.

दुसरे कारण मैदानावरील आहे. त्या वर्षी यजमान नीगाताने सम्राट चषक जिंकला, आणि तेथून २००१ पर्यंत दरवर्षी तो यजमान प्रांताकडेच गेला. प्रांत बदलत होते, खेळाडू बदलत होते, पण विजेता कोण हे स्पर्धेआधीच ठरल्यासारखे झाले होते. १९८५ साली यजमान असलेल्या चिमुकल्या तोत्तोरीने कोट्यवधी वस्तीच्या तोक्योला मागे टाकून चषक उचलला. हा पराक्रम कसा घडतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

चषकाचा मोह

यजमानाला काही सवलती नियमानेच मिळतात. इतर प्रांतांना अनेक खेळांत विभागीय पात्रता फेरीतून जावे लागते, तर यजमानाचे संघ थेट मुख्य स्पर्धेत येतात. सहभागाबद्दलही गुण असल्याने त्यांची बेरीज आरंभापासूनच वाढते. घरचे मैदान आणि घरचे प्रेक्षक यांचा लाभ वेगळा. इथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही.

परंतु चषक जिंकणे ही प्रांताच्या प्रतिष्ठेची बाब झाली आणि गाडी रुळावरून घसरू लागली. यजमानपद जवळ आले की प्रांतांच्या शाळांत शिक्षक म्हणून आणि कचेऱ्यांत कर्मचारी म्हणून बाहेरच्या नामांकित खेळाडूंची भरती होऊ लागली. काही खेळाडू तर दरवर्षी पुढच्या यजमानाकडे बिऱ्हाड हलवू लागले. वर्तमानपत्रांनी त्यांची तुलना ऋतूनुसार स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांशी केली. यांतील जे शिक्षक प्रांतातच स्थायिक झाले त्यांनी पुढे अनेक वर्षे मुलांना शिकविले, हेही तितकेच खरे. त्यांच्या बाबतीत भरतीचा पैसा सत्कारणी लागला. जे चषकाबरोबर आले आणि चषकानंतर निघून गेले, त्यांनी मागे फक्त गुणतक्ता ठेवला.

यावर नियमांचे बंधन घालण्यात आले. प्रांत बदलणाऱ्या खेळाडूस ठरावीक काळ स्पर्धेपासून दूर राहण्याची अट घालण्यात आली, आणि दुसरीकडे नोकरीसाठी परगावी गेलेल्यास आपल्या मूळ प्रांताकडून खेळण्याची सोयही देण्यात आली. तरीही पळवाटा राहिल्याच. २०११ साली यामागुची प्रांत यजमान होता. त्याआधीच्या महोत्सवांत त्या प्रांताकडून खेळलेले काही खेळाडू तेथे प्रत्यक्षात राहतच नव्हते, असा ठपका ठेवण्यात आला आणि प्रकरण देशभर गाजले.

येथे कोणताही एक प्रांत दोषी धरण्यात अर्थ नाही. ज्या व्यवस्थेत चाळीस वर्षे प्रत्येक यजमान जिंकत आला, तेथे न जिंकणारा पहिला यजमान होण्याची नामुष्की कोण ओढवून घेणार? मतदारांना, विधिमंडळाला आणि वर्तमानपत्रांना तोंड देणाऱ्या लोकनियुक्त गव्हर्नरापुढचा हा खरा पेच होता.

कोचीचा निर्णय

तो पेच सोडविला कोची प्रांताने. हे कोची केरळातील बंदर नव्हे. शिकोकू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील हा डोंगराळ, विरळ वस्तीचा आणि बेताच्या उत्पन्नाचा प्रांत. २००२ साली तेथे महोत्सव व्हावयाचा होता. त्या वेळचे गव्हर्नर हाशिमोतो दाइजिरो हे राजकारणात येण्यापूर्वी पत्रकार होते. केवळ चषकासाठी बाहेरचे खेळाडू गोळा करण्याची प्रथा पाळावयाची नाही आणि महोत्सव साधेपणाने भरवावयाचा, अशी भूमिका त्यांनी घेतली.

ऑक्टोबर २००२ मध्ये महोत्सव पार पडला. सम्राट चषक तोक्योने नेला. १९६४ नंतर प्रथमच यजमान प्रांत चषकावाचून राहिला. परंतु त्यामुळे आभाळ कोसळले नाही. पाहुण्यांची सोय झाली, सामने झाले, मुलांनी ते पाहिले आणि प्रांताची अब्रू गेली असे कोणास वाटले नाही. पराभवाची भीती पराभवाहून मोठी होती, हे एवढ्यावरून सिद्ध झाले.

तथापि जुनी वहिवाट एका घावाने तुटत नाही. २००३ पासून २०१५ पर्यंत पुन्हा प्रत्येक यजमान जिंकत गेला. २०१६ साली इवाते, २०१७ साली एहिमे हे यजमान दुसऱ्या क्रमांकावर राहिले. २०१८ साली फुकुई आणि २०१९ साली इबाराकी यांनी घरचा चषक घरी ठेवला. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी यजमानाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवून तोक्योने तो जिंकला. यजमान जिंकलाच पाहिजे, हा दंडक सैल झाला आहे. त्याची पहिली गाठ सोडविण्याचे श्रेय कोचीकडे जाते.

संकटकाळातील यजमान

यजमानपद प्रतिष्ठेपलीकडे जाऊन कशासाठी स्वीकारावे, याचे उत्तर इवातेने दिले. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामी यांनी त्या प्रांताची किनारपट्टी उद्ध्वस्त केली. हजारो कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत असताना २०१६ चा महोत्सव घ्यावा की नाही, असा प्रश्न उभा राहिला. विचारान्ती तो घ्यावयाचे ठरले, पण पुनर्वसनाचा महोत्सव म्हणून. मुख्य कार्यक्रमासाठी किताकामी शहरातील आधीपासून असलेले मैदान वापरण्यात आले. महोत्सवाला महिना उरला असता ऑगस्टअखेर वादळाने पुन्हा पुराचा तडाखा दिला. तरीही १ ऑक्टोबर रोजी उद्घाटन झाले. देशभरातून मदत पाठविणाऱ्या लोकांना आम्ही उभे आहोत, हे दाखविण्याची संधी त्या प्रांताने साधली. चषक दुसऱ्याकडे गेला याची खंत फारशी कोणी केली नाही.

२०२० साली कागोशिमा प्रांतातील महोत्सव करोनाच्या साथीमुळे होऊ शकला नाही, आणि २०२१ चा मिये प्रांतातील महोत्सव रद्द करावा लागला. कागोशिमाची सिद्धता वाया जाऊ नये म्हणून २०२३ च्या यजमान सागा प्रांताने आपली पाळी एक वर्ष पुढे ढकलण्यास मान्यता दिली. आपलीही तयारी, आपलेही अंदाजपत्रक आणि आपलेही खेळाडू असताना दुसऱ्यासाठी एक पाऊल मागे घेणे सोपे नसते. अखेर कागोशिमाने २०२३ साली आणि सागाने २०२४ साली महोत्सव भरविला. सागापासून महोत्सवाचे जपानी नावही बदलून ‘राष्ट्रीय स्पोर्ट्स स्पर्धा’ या अर्थाचे करण्यात आले.

या व्यवस्थेचे आणखी एक अंग गौरवास्पद आहे. १९६४ च्या तोक्यो पॅरालिंपिकनंतर पुढील वर्षी गिफू प्रांतात शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तेव्हापासून मुख्य महोत्सवाच्या यजमानाकडेच या स्पर्धेचेही यजमानपद येत गेले, आणि २००१ पासून बौद्धिक दिव्यांगत्व असलेले खेळाडूही तीत सामील झाले. त्यामुळे मैदाने, बसगाड्या आणि निवासस्थाने सिद्ध करताना चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या पाहुण्याचा विचार यजमानाला आधीपासूनच करावा लागतो. स्पर्धा संपते, पण तेथे केलेला उतार गावातील वृद्धांच्या आणि आजाऱ्यांच्या उपयोगी पडतो.

खर्चाचा प्रश्न

इतके असूनही महोत्सवापुढील अडचणी थोड्या नाहीत. जपानमधील बहुसंख्य प्रांतांची लोकसंख्या घटत आहे, तरुण शहरांकडे जात आहेत आणि वृद्धांच्या शुश्रूषेचा खर्च वाढत आहे. अशा वेळी प्रत्येक खेळासाठी नियमानुसार मैदान व तरणतलाव बांधणे, आणि नंतर तो वर्षानुवर्षे सांभाळणे, हे लहान प्रांतांना जड जाते. २००३ साली सुधारणांचा आराखडा करण्यात आला. २००६ सालच्या ह्योगो येथील महोत्सवापासून उन्हाळी आणि शरद अशी दोन पर्वे एकत्र करण्यात आली. असलेल्या सोयी वापराव्यात, गरज पडल्यास शेजारच्या प्रांतातील मैदान घ्यावे, असे धोरण स्वीकारण्यात आले.

एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय गव्हर्नर परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष, मियागीचे गव्हर्नर मुराई योशिहिरो यांनी हा महोत्सव बंद करण्याचाही विचार करता येईल, असे बोलून दाखविले. देशभर चर्चा उसळली. काहींनी पाठिंबा दिला, काहींनी विरोध केला. अनेकांनी केंद्राने खर्चाचा मोठा वाटा उचलावा आणि आयोजनाचे नियम लवचिक करावेत, अशी मागणी केली. दुसरी फेरी २०३४ साली ओकिनावा येथे पूर्ण होण्याचे नियोजन आहे. तिसरी फेरी कोणत्या स्वरूपात असावी, याचा विचार त्यामुळे अटळ झाला आहे. लोकांच्या पैशातून चालणाऱ्या उपक्रमाची अशी जाहीर फेरतपासणी होणे, हे स्वराज्य संस्थांच्या प्रकृतीचे सुचिन्हच मानले पाहिजे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्रालाही यजमानपदाचा अनुभव आहे. १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभारण्यात आले. त्याच संकुलात २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. एका वेळच्या खर्चाचा पुढे पुन्हा उपयोग करून घेता येतो, याचे हे उदाहरण आहे. परंतु यजमानपद म्हणजे केवळ मोठ्या शहरातील मोठे संकुल नव्हे. तालुका पातळीवरील शालेय स्पर्धा असो, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या स्पर्धा असोत अथवा गावच्या कबड्डीचे सामने असोत, प्रश्न तेच असतात आणि उत्तरेही तीच लागू पडतात.

जपानच्या अनुभवाचे सार चार गोष्टींत सांगता येईल. पहिली ही की, स्पर्धा शक्य तितक्या गावांत वाटून द्यावी, कारण जे गाव राबते तेच गाव खेळ आपला मानते. दुसरी ही की, मैदानाच्या आराखड्याबरोबरच ते पुढे कोण वापरणार आणि कोण सांभाळणार, याचाही ठराव त्याच सभेत व्हावा. तिसरी ही की, बाहेरून आणलेल्या दहा विजेत्यांपेक्षा गावातच राहणारा एक क्रीडाशिक्षक अधिक मोलाचा असतो. चौथी आणि सर्वात अवघड गोष्ट ही की, आपल्या गावी भरलेल्या स्पर्धेत आपला संघ हरला तरी ती यशस्वी झाली, असे म्हणण्याचे धैर्य पदाधिकाऱ्यांनी ठेवावे. कोचीने ते दाखविले.

चषक काचेच्या कपाटात राहतो आणि त्यावरील नाव कालांतराने पुसट होते. इवाते गावातील मुले मात्र आजही काठ्या घेऊन मैदानावर येतात. १९७० साली आपल्या आजोबांच्या घरी कोणत्या प्रांताचे खेळाडू उतरले होते, हे त्यांतील कित्येकांना ठाऊकही नसेल. त्यांना मैदान मिळाले आहे आणि शिकविणारा शिक्षक मिळाला आहे. मांडव उतरल्यानंतरच्या हिशेबात शिल्लक म्हणून जमेस धरावयाची ती रक्कम हीच होय.